मोटारीचं कपाळ

परभणीत मला ज्यानं तारलं तो जिंतूरच्या रस्त्यावरचा, लिंबाखालचा मिस्त्री. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो. पुढची हकिगत माझ्या चुकीची आहे, आणि आपली चूक सांगता सांगता माणूस आपल्यालाच मधोमध आणून बसवतो. तसं होऊ नये. या गोष्टीत मधोमध बसायचा मान त्याचा. बसायचा म्हणजे आडवा पडायचा म्हणा, कारण उठून बसलेला तो मी फार थोड्या वेळा पाहिला.

लिंबाखाली एक बाज. बाजेवर मिस्त्री, बाजेखाली हत्यारांची पत्र्याची पेटी. तुम्ही मोटार घेऊन गेलात तरी तो उठायचा नाही. उजवा हात डोळ्यांवर तसाच ठेवून म्हणायचा, "थकलो रे बाबा." सकाळचे आठ वाजलेले असले तरी हेच. मग थोडा वेळ काहीच नाही. तुम्हाला वाटावं, झोपला. तेवढ्यात हाताखालून आवाज यायचा, "हं. सकाळपासून सांग."

ज्यांना सवय नव्हती ते चिडायचे. एकदा गंगाखेडकडच्या एका देशमुखांचा ड्रायव्हर आला होता. मी तिथंच होतो. तो म्हणाला, "चाचा, बिरेक धरंना. त्यात सकाळपासून काय सांगू?"

"उठलास कवा?"

"पाचला."

"मंग पाचपासून सांग."

तो बिचारा तोंड धुण्यापासून सांगू लागला. गोठा, चहा, मालकाचा हुक्का, असं करत करत म्हणाला, चाक लय कुरकुरत होतं, मालकाला आवाज खपत नाही, म्हणून चाकात थोडं करडीचं तेल सोडलं. मिस्त्रीनं डोळ्यांवरचा हात काढला. "बिरेकला तेल पाजलंस व्हय? मंग त्यो आता काय धरंल, तुझं धोतर?"

मला म्हणायचा, "कोकण्या, गाडीला तोंड न्हाई. डायवरला हाय, पण त्यो अर्धं गिळतो. म्हनून म्या पडून ऐकतो. उभ्यानं ऐकायला आता ताकद न्हाई."

कोकण्या म्हणजे मी. राजापूरकडचा. चौथीत असताना वडील गेले आणि पाटी तिथंच राहिली. कोल्हापूरच्या सर्व्हिस मोटारीवर आधी धुणं-पुसणं केलं, मग चालवायला शिकलो, आणि कुणाच्या तरी ओळखीनं परभणीच्या एका वकीलसाहेबांकडे ड्रायव्हर म्हणून आलो. घरी आई आणि दोन बहिणी. मी पाठवतो त्यावर त्यांचं चालायचं. त्यामुळे मी सारखा भीत असे. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी वाटायचं, गेली नोकरी. माझ्या बोलण्याच्या हेलाला सगळे हसायचे. रस्ते सपाट, माती काळी, क्षितिजापर्यंत एक डोंगर दिसेल तर शपथ. पहिला महिनाभर मला झोपेतसुद्धा उघड्यावर पडल्यासारखं वाटत होतं.

त्या घरात मला जवळ केलं ते वकीलसाहेबांच्या आईनं. सगळे त्यांना अव्वा म्हणत. घर लिंगायतांचं. अव्वांची पूजा पहाटे व्हायची, आणि घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर त्या तीन बोटांनी विभूतीचे आडवे पट्टे ओढायच्या. वकीलसाहेबांचा धाकटा भाऊ एकदा घाईत तसाच, कोऱ्या कपाळानं गेला, आणि परगावी तापानं आजारी पडून तिकडंच वारला. तेव्हापासून अव्वांनी कुणालाच तसं जाऊ दिलं नाही. मलाही लावायच्या. मी परक्या जातीचा, पगारी माणूस. तरी माझी हनुवटी धरून, मान वर करून लावायच्या. आईनंतर माझ्या हनुवटीला हात लावणारं तिथं दुसरं कोण होतं?

आणि मोटारीलाही लावायच्या. "तिला बी कपाळ हाय की रं," म्हणायच्या.

तुम्ही तसल्या जुन्या मोटारी पाहिल्या असतील. आमची हैदराबादेतल्या एका जहागीरदारानं वापरून टाकलेली होती. कापडी छत, हँडल मारून चालू करायची. पेट्रोलची टाकी मागं नाही, पुढं, समोरच्या काचेच्या खाली. तिचं गोल पितळी झाकण काचेच्या पुढ्यात बरोबर मध्यभागी यायचं आणि उन्हात चकाकायचं. पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानं खाली इंजिनात उतरायचं. झाकणाच्या मधोमध सुई जाईल एवढं एक भोक होतं. ते कशाला आहे हे मला ठाऊक नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेल्याला ते कुणी सांगितलं नाही, आणि मीही भीतीनं कुणाला विचारलं नाही. अव्वांना ते झाकण म्हणजे मोटारीचं कपाळ वाटायचं. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं.

पण विभूती टिकायची नाही. जकात नाक्यापर्यंत वाऱ्यानं उडून जायची. परत आलो की अव्वा आधी मोटारीकडे बघायच्या, मग लेकाकडे. "पुसलं की रं लेकरा," एवढंच म्हणायच्या, पण पुढं दिवसभर त्यांचं चित्त लागत नसे. मला ते बघवेना. एक दिवस शेताच्या बांधावरच्या बाभळीचा डिंक काढून आणला, वाटीत भिजत घातला आणि सकाळी त्यात विभूती कालवून अव्वांपुढं ठेवला. त्यांनी बोटं बुडवून झाकणावर पट्टे ओढले. गंगाखेडला जाऊन आलो तरी पट्टे जसेच्या तसे, चुना दिल्यासारखे. अव्वांनी मोटारीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, आणि मग माझ्यावरून. त्या दिवशी माझ्या भातावर तुपाची धार जरा लांब पडली.

मग दर बाहेरगावच्या फेरीला मी आदल्या रात्री डिंक भिजत घालू लागलो.

मोटारीनं हिसके द्यायला सुरुवात केली ती त्याच आठवड्यात. पण माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टी कधी शेजारी आल्याच नाहीत. गावातून निघताना गाडी गुणाची असायची. चार-पाच मैल झाले की मी पाय दाबावा आणि तिनं पुढं उडी घ्यावी, लगेच मागं ओढल्यासारखं थांबावं, पुन्हा उडी. वेग वाढवावा तसे हिसके वाढायचे. मागच्या बाकावर वकीलसाहेबांचा डोक्याचा रुमाल नाकावर उतरायचा आणि मांडीवरचे कागद पायाशी पसरायचे. ते ओरडायचे, "थांबव! पेट्रोल आहे का बघ!" मी उतरून झाकण काढायचो, खाचा पाडलेली लाकडी पट्टी आत सोडून बघायचो. पेट्रोल भरपूर. झाकण लावून हँडल मारलं की गाडी लोण्यासारखी चालायची. पुढं चार-पाच मैल. मग पुन्हा तेच.

वकीलसाहेब वाईट माणूस नव्हते, पण वकील होते. एकदा शांतपणे म्हणाले, "मी ओरडलो की ती अडायची थांबते. तू खाली उतरून हात लावलास की बरी होते. हे दुखणं गाडीचं आहे की तुझं?"

ते लढाईचे दिवस. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं. पेट्रोल विकून टाकीत राकेल ओतणारे ड्रायव्हर जागोजागी होते, आणि त्यांच्या गाड्या अशाच हिसके देत. वकीलसाहेबांनी गाडी स्टेशनाजवळच्या नव्या कारखान्यात नेली. तिथल्या खाकी कपड्यांतल्या माणसानं कारबेटर खोलून धुतलं, प्लग बदलले, तारा बदलल्या आणि शेवटी हात पुसत म्हणाला, "साहेब, गाडीत काही नाही. तेलात बघा." वकीलसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

आणि मग जिंतूरच्या कोर्टातली पेशी चुकली. बोरीच्या अलीकडे गाडी तीन वेळा अडली. आम्ही पोचलो तेव्हा मुन्सफीत पुकारा होऊन गेला होता, मोकदमा खारीज झाला होता. त्यांचा अशील, चारठाण्याचा म्हातारा, पायरीवर बसला होता.   घराशी उतरताना वकीलसाहेब म्हणाले, "सोमवारी पुन्हा जिंतूर आहे. त्या दिवशी गाडी अडली तर अडेल तिथूनच तू तुझ्या गावाचा रस्ता धर. आणि राकेलचा डाग घेऊन जाशील, म्हणजे पुन्हा कुणी गाडीला हात लावू देणार नाही."

तो शुक्रवार होता. शनिवारी मी लिंबाखाली गेलो. मिस्त्री पडलेला. मी उभा राहून सगळं एका दमात सांगायला लागलो, हिसके, पेट्रोल, राकेल, सोमवार. 

"थकलो रे बाबा," तो म्हणाला. मग हात काढून माझ्याकडे पाहिलं. मी तर त्याच्याहून थकलेला दिसत असणार, कारण तो बाजेवर जरा सरकला. "बस. पानी पी. आन् सकाळपासून सांग."

मी सांगितलं. उठलो, गाडी पुसली, पट्टीनं पेट्रोल मोजलं, झाकण लावलं, अव्वांनी विभूती लावली, निघालो. तो मध्ये मध्ये विचारत होता. हिसके चढावर जास्त की सपाटीवर? उन्हात जास्त की सावलीत? थांबल्यावर किती वेळानं बरी होते? मी म्हणालो, "लगेच. पेट्रोल बघितलं की लगेच."

"आन् न बघता नुस्ती थांबवली तर?"

"न बघता कधी थांबवलीच नाही, चाचा. साहेब आधी तेच बघायला लावतात."

त्यानं हात पुन्हा डोळ्यांवर ठेवला. "उद्या सकाळी येतो," म्हणाला. "तू निघताना जे करतोस ते समदं कर. म्या हाय म्हनून शहाणा होऊ नको."

रविवारी तो खरंच चालत वकीलसाहेबांच्या वाड्यापर्यंत आला. एवढ्यानंच त्याला धाप लागली होती. मी पेट्रोल मोजलं, झाकण लावलं. वकीलसाहेब ओसरीवरून बघत होते. अव्वा वाटी घेऊन आल्या, पट्टे ओढले, माझी हनुवटी धरून मला लावलं, मिस्त्रीकडे बघून क्षणभर थांबल्या. तो म्हणाला, "लावा की अम्मा, गाडीत बसायलोय म्या बी." त्यांनी त्यालाही लावलं.

तो माझ्या शेजारी बसला. सदऱ्याच्या उजव्या खिशात भाजलेले फुटाणे होते. म्हणाला, "एक हिसका, एक फुटाणा. उजव्या खिशातून डाव्यात. खायचे न्हाईत. दुखणं सापडल्याबिगर म्या खात न्हाई."

झरीच्या रस्त्यानं निघालो. एक मैल, दोन मैल, काही नाही.  आज नेमकी शहाण्यासारखी चालली तर? पाचव्या मैलाला पाय दाबला आणि पहिला हिसका बसला. आयुष्यात हिसका बसला म्हणून मला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं. त्यानं एक फुटाणा इकडून तिकडे टाकला. दुसरा. तिसरा. मी सवयीनं गाडी थांबवायला गेलो.

"थांबू नको. दाब."

गाडी धडपडत, ढेकर देत पुढं गेली आणि एका बाभळीजवळ आपोआप बंद पडली. मी उतरायला लागलो तर त्यानं माझा सदरा धरला. "कशाला हात लावू नको. बस." आम्ही बसून राहिलो. तो चक्क झोपला. मी रस्त्याकडे बघत होतो. ज्वारीच्या शेतात कुणीतरी पाखरं हाकायला हाळी देत होतं. बराच वेळ गेल्यावर त्यानं डोळे न उघडता सांगितलं, "आता हँडल मार." गाडी चालू झाली. दोन फर्लांग गेली नाही तोच पुन्हा हिसके. फुटाणे धडाधड डाव्या खिशात.

"म्हंजी इसाव्यानं बरी होत न्हाई," तो म्हणाला. "हौ. आता थांब. आता तू रोज करतोस ते कर. सावकाश. मला ऐकू दे."

मी झाकण फिरवलं. टाकीनं सूंऽऽ करून श्वास आत ओढला. तो आवाज मी पूर्वीही ऐकला होता. पेट्रोलचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिला होता. मिस्त्री एवढा थकलेला माणूस, पण त्या आवाजासरशी ताठ बसला. "अजून एकदा सांग, हे केल्यावर ती बरी होती?"

"हो."

"मंग आता झाकण ठिव, पन आवळू नको. नुस्तं ठिव."

नुसतं ठेवून गाडी हाकली. झरी आलं. झरीहून वळलो. परत अख्खा रस्ता. मी पाय दाबून बघितला, सोडून बघितला, पुन्हा जोरात दाबला. एकही हिसका नाही. मधेच शेजारी कुडुमकुडुम आवाज येऊ लागला. बघतो तर मिस्त्री डाव्या खिशातले फुटाणे खात होता.

जाताना बंद पडलो होतो त्याच बाभळीखाली त्यानं गाडी उभी करायला लावली. झाकण हातात घेऊन उन्हाकडे धरलं. मग पट्ट्यावर नख मारलं. नख सरकलं. "इभूती अशी धरत न्हाई रं. हे काय हाय?"

"डिंक आहे, चाचा. टिकावी म्हणून."

"डिंक." त्यानं झाकण मांडीवर ठेवलं. "तुला म्या काय म्हनलो होतो? सकाळपासून सांग. डिंक का सांगितला न्हाईस?"

"तो मी रात्री भिजत घालतो."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं, हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता बाभळीला टेकून तो खाली बसला. "या अल्ला. आता म्हाताऱ्यानं रात्रीपासून इचारायचं का?"

दम आल्यावर त्यानं समजावलं. "तेलाच्या डब्याला एकच भोक पाड आन् वत. कसं पडतं? गचके देत. दुसरं भोक पाडलं की धार लागती. तेल भाईर यायचं तर वारं आत जायला पायजे. टाकीतून पेट्रोल खाली उतरतं, तेवढं वारं या भोकातून वरून जातं. तू भोक लिंपलंस. ती बिचारी पाय दाबला की वढती, वढती, आन् आतून तिला कुनी सोडीत न्हाई."

बाभळीचा एक लांब काटा मोडून त्यानं भोकातला वाळलेला डिंक कोरून काढला. मी मान खाली घालून उभा होतो. एक म्हातारा पायरीवर बसून होता, एक मोकदमा गेला होता, आणि ते सगळं माझ्या वाटीतून निघालं होतं.

झाकण उलटं करताच मात्र त्याचा हात थांबला. आतल्या कडेला चामड्याचा गोल वायसर होता. नवा, जाड. पावसाळ्यानंतर पेट्रोल काचेवर उडतं म्हणून त्यानंच जुन्या जोड्याचं चामडं कापून बसवला होता.

"आन् हे माझं," तो हळू म्हणाला. "जुना वायसर असता तर कडंनं तरी थोडं वारं गेलं असतं. तू वरून दार लावलंस, म्या आतून कडी घातली."

वाड्यावर आलो तेव्हा वकीलसाहेब ओसरीवरच होते. आत अव्वा सुपात डाळ पाखडत होत्या. सूप थांबलं, म्हणजे त्या ऐकत होत्या. वकीलसाहेबांनी विचारलं, "काय निघालं? राकेल?" मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

माझ्या आधी मिस्त्री बोलला. "राकेल न्हाई, हुजूर. पोरगा साफ हाय. चूक माझी. म्या वायसर लय घट्ट बसवला, टाकीचं वारं कोंडलं. आता काढलाय."

"तुझ्या वायसरपायी माझा मोकदमा गेला?"

"हौ, हुजूर."

"हातात पान्हा धरायची अक्कल आहे का तुला?"

"वय झालं, हुजूर."

वकीलसाहेब त्याला खूप बोलले. तो चप्पल काढून, खाली बघत, कपाळावर अव्वांनी ओढलेले पट्टे घेऊन ऐकत उभा होता. मग वकीलसाहेब माझ्याकडे वळले आणि पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाले, "तुझं काही नव्हतं तर."

मी गप्प राहिलो.

बाकी सगळं मी विसरेन, पण ते गप्प राहणं विसरणार नाही. डिंक हा शब्द दोन अक्षरांचा आहे. तो माझ्या घशात होता. आत सूप पुन्हा सुरू झालं आणि मी तो गिळला.

निघताना मिस्त्रीनं अव्वांना दारातून हाक मारली. "अम्मा, एक सांगू का? ते झाकण म्हंजी गाडीचं कपाळ न्हाई. ती टाळू हाय. कपाळ फुडं, त्या जाळीच्या वर. लेकराची टाळू आपन मोकळी ठिवतो ना? तिची बी ठिवावी."

अव्वांनी दाराशी येऊन मोटारीकडे निरखून बघितलं. "खरंच की गं बाई," म्हणाल्या. "एवढे दिस टाळूवर लावायले म्या." त्या दिवसापासून विभूती पुढच्या जाळीच्या वरच्या पट्टीवर गेली. डिंकाचं मी त्यांना सांगितलं, की आता लागत नाही. तिथं वारं थेट लागायचं आणि विभूती पूर्वीसारखीच उडायची, पण अव्वांना ते फारसं खुपेना. कपाळ कुठं आहे हे आता नक्की कळलं होतं.

सोमवारी आम्ही पुकाऱ्याच्या तासभर आधी जिंतूरला पोचलो.

मंगळवारी मी लिंबाखाली गेलो आणि विचारलं, "चाचा, असं का केलंत?"

"थकलो रे बाबा," तो म्हणाला. मला वाटलं आता "सकाळपासून सांग" म्हणेल. तसं म्हणाला नाही. "तुझं नाव घेतलं असतं तर डिंक निघाला असता. डिंक निघाला की म्हातारीचं बोट निघालं असतं. तिला कळलं असतं, आपल्या इभूतीनं लेकाची गाडी अडली. मंग ती कुनाच्या कपाळाला हात लावली असती का? माझं नाव घेतलं तर माझंच निघतं. आन् वायसर खोटा हाय का?"

"पण अर्धंच खरं सांगितलंत."

"हौ. तुमच्या समद्या डायवरांकडून शिकलो."

मी हसलो. तेव्हा मला वाटलं, झालं, मिटलं.

मिटलं नव्हतं. वकीलसाहेबांनी ही गोष्ट कचेरीत चारजणांना सांगितली. लिंबाखालचा म्हातारा चामड्यानं टाक्या बंद करतो म्हणून. सांगण्यात थोडी गंमत होती आणि थोडा राग. गावातल्या डॉक्टरांची गाडी स्टेशनाकडच्या कारखान्यात जायला लागली. मग पिंगळीच्या कापूसवाल्याची. मग आमचीही. मालकाचा हुकूम होता. कारखान्याला जाताना मला लिंबावरून जावं लागायचं. मी मान वळवायचो नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून बाज दिसायची. तो डोळ्यांवरचा हात उचलून हवेत धरायचा. एकदा मी नाइलाजानं गाडी हळू केली तर तो पडल्या पडल्या विचारता झाला, "बरी हाय का?" मी म्हणालो, "बरा आहे, चाचा."

"तुला न्हाई इचारलं. तिला."

दुसऱ्या एका दिवशी मी चालत गेलो आणि म्हणालो, मी साहेबांना खरं सांगतो. त्यानं हात हलवला. "नक्को. तुझी माय बसलीय तिकडं वाट बघत. आन् मला आता झोप तरी मिळायलीय." खरं म्हणजे तो मला परवानगी देत नव्हता, माझी भीती मला परत देत होता, नीट घडी घालून. मी ती घेतली आणि घरी आलो.

पुढच्या वर्षी एकदा कारखान्याकडे जाताना लिंबाखाली बाज दिसली नाही. गाडी थांबवून उतरलो. शेजारच्या नालवाल्यानं सांगितलं, जावई येऊन घेऊन गेला, निजामाबादेकडं कुठंतरी. डोळ्यांनी दिसायचं कमी होत होत आता पार दिसेनासं झालं होतं. कधीपासून, विचारलं. तो म्हणाला, "लय दिसांपासून. म्हनून तर पडून ऐकायचा."

जमिनीवर बाजेच्या चार पायांचे चार खड्डे होते. मध्ये तेलाचा काळा डाग, तिथं गवत उगवलं नव्हतं. एक फुटाणा सापडला. तो मी उचलला नाही.

यंदा श्रावणात अव्वा गेल्या. शेवटच्या आठवड्यातसुद्धा मला बोलावून माझी हनुवटी धरली होती. आता डिंक निघाला तरी कुणाचं बोट निघणार नाही. आता मध्ये फक्त मी आहे. मी अजून त्याच मोटारीवर आहे, बहिणींची लग्नं झाली, आणि तरी रोज सकाळी हँडल मारताना वकीलसाहेबांच्या समोर तोंड उघडायचं म्हटलं की मी मान खाली घालून हँडलच मारत राहतो. असा माणूस आहे मी. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

पण चाचा, हे लिहून ठेवतो. एक दिवस मी त्याच ओसरीवर उभा राहीन आणि वकीलसाहेबांना सगळं सांगेन, सकाळपासून नाही, आदल्या रात्रीपासून. माझ्यापायी तिथं खाली पडलेलं तुमचं नाव त्यांच्याच हातून उचलून घेईन, आणि तुम्ही निजामाबादेकडं जिथं कुठं पडला असाल, तिथं ते तुमच्या हातात आणून देईन.